मेलेल्या मित्राचं नाव ग्रुपवर लिहू का? ९४ सालची पाच गाणी

पत्र :

ताई, नमस्कार. आमची इंजिनिअरिंगची बॅच ९४ ची, म्हणजे त्या वर्षी ॲडमिशन घेतलेली. आता रीयुनियन आहे आणि ग्रुपवर असं ठरलंय की प्रत्येकानं १९९४ सालातली आपली पाच आवडती रॉक गाणी टाकायची आणि प्रत्येकाखाली ते गाणं आपल्यासाठी काय आहे ते लिहायचं. सगळ्यांनी टाकलं. कुणी पहिल्या क्रशवर लिहिलं, कुणी केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर. माझंच राहिलंय.

मी जतकडच्या एका गावातला, मराठी मीडियमचा. रॉक वगैरे मला काहीच माहीत नव्हतं, सगळं रूममेटमुळे. त्याचा मामा मस्कतला, तो कॅसेटी पाठवायचा. झॉम्बी हे गाणं मी दिवाळी करून परत आलो त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं, घरची आठवण येत होती, बाई रडतेय असं वाटलं आणि मीपण रडलो. ओरलच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री तो बास्केट केस लावून बादली बडवायचा. लाईट गेली की गॅलरीत गिटारवर ब्लॅक होल सन. परीक्षेच्या फीला मला पैसे कमी पडले तेव्हा त्यानं भरले आणि वर लिव्ह फॉरेव्हर लावलं. पाचवं म्हणजे निर्वाणा बँडच्या अनप्लग्ड या मैफलीच्या अल्बममधलं द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड. ती त्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेली शेवटची कॅसेट.

थर्ड इयरला त्यानं आत्महत्या केली. हॉस्टेलवर सगळे म्हणाले इंग्रजी गाण्यांनी पोराचं डोकं फिरवलं, खोलीतल्या कॅसेटी उचलून नेल्या, अनप्लग्ड माझ्या कपाटात होती म्हणून राहिली. शेवटच्या महिन्यात त्यानं टेप लावणंच बंद केलेलं, मला दिसत होतं, माझी सबमिशनं चाललेली, मी विचारलं नाही. नंतर बॅचमध्ये कुणीच त्याचं नाव काढलं नाही. त्याची मोठी बहीण मिरजेला असते, आम्ही कुणी परत गेलो नाही.

आता मी लिहू का? मूड खराब होईल सगळ्यांचा. आणि दुसरं, आत्ता नेटवर गाण्यांचे अर्थ वाचले तर झॉम्बी बॉम्बस्फोटावर आहे. म्हणजे मी तीस वर्षं चुकीचंच समजत होतो का? आणि ग्रुपवर एक जण भांडतोय की अनप्लग्ड ९३ चं आहे, चालणार नाही.

– एक जुना हॉस्टेलवाला, चिंचवड

उत्तर :

नमस्कार. लिहा. पण ग्रुपवर टाकायच्या आधी एक फोन मिरजेला करा, त्याबद्दल पुढे सांगते. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. तुम्हाला आतून असं वाटतंय की ही गाणी आपली नाहीतच, आपल्याला इंग्रजी धड येत नव्हतं, मग त्यांच्यावर लिहायचा आपल्याला काय अधिकार.

झॉम्बीचं खरं काय ते सांगते. २० मार्च १९९३ ला इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेनं ठेवलेले बॉम्ब बाजाराच्या रस्त्यावर फुटले आणि त्यात दोन पोरं गेली, एक तीन वर्षांचा आणि एक बारा वर्षांचा. क्रॅनबेरीज बँडची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन स्वतः आयर्लंडची, लिमरिककडची, आपल्या देशाच्या नावानं लहान पोरं मारली जातायत हे तिला सहन झालं नाही आणि तिनं ते गाणं लिहिलं. सिंगल सप्टेंबर ९४ मध्ये आलं. आता तुम्ही, इंग्रजीचा गंध नसलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, घरापासून लांब, दिव्याखाली बसून ऐकताय आणि तुम्हाला काय ऐकू आलं, तर एक बाई रडतेय. अहो बरोबरच ऐकलंत की! दुसऱ्याच्या लेकरांसाठी रडणारी बाईच आहे त्या गाण्यात. तिचा आवाज मधेच तुटल्यासारखा होतो ना, तो कळायला डिक्शनरी लागत नाही. बॉम्बस्फोटाची बातमी तुम्हाला माहीत नव्हती एवढंच, दुःख पोचलं होतं.

आणि अर्थाचं म्हणाल तर त्या गाण्याचं तिकडेसुद्धा काय काय झालंय बघा. २०२३ च्या रग्बी वर्ल्ड कपला पॅरिसमध्ये आयर्लंडनं दक्षिण आफ्रिकेला हरवलं तेव्हा अख्खं स्टेडियम तेच गाणं आनंदानं गात होतं. काही लोकांना ते खटकलं, वाद झाला, पण हजारो लोक गात होते हे खरं आणि डोलोरेस २०१८ च्या जानेवारीतच गेलेली, तिला ते बघायला मिळालं नाही. पोरांच्या मरणावरचं गाणं विजयाचं होऊ शकतं तर तुमच्या हॉस्टेलच्या खोलीत ते घराच्या आठवणीचं झालं यात चूक कसली.

अजून एक त्याच वर्षातलं देते. हर्ट. नाइन इंच नेल्स बँडचा द डाउनवर्ड स्पायरल अल्बम मार्च ९४ ला आला त्यातलं शेवटचं गाणं, ट्रेंट रेझ्नरचं. त्यानं ते तरुणपणी, आपल्या सगळ्यात वाईट दिवसांतून लिहिलं. मग २००२ मध्ये अमेरिकन गायक जॉनी कॅश, सत्तरीतला, तब्येत गेलेला, त्यानं ते गायलं आणि ते एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्याकडे मागे वळून बघणं झालं. रेझ्नरनं त्याचा व्हिडिओ बघितल्यावर स्वतः सांगितलं की हे गाणं आता माझं राहिलं नाही. ज्यानं लिहिलं त्यालाच जर असं वाटलं तर तुम्ही अर्थ चुकला की बरोबर आला याची काळजी का करताय. मी स्वतः हर्ट ऐकायला लागले ते वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, रात्री हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, आणि माझ्यासाठी त्या गाण्यात ना रेझ्नर आहे ना कॅश, माझे बाबा आहेत.

ब्लॅक होल सनचं तर आणखी सोपं आहे. साउंडगार्डन बँडच्या क्रिस कॉर्नेलला ते नाव कसं सुचलं, तर टीव्हीवर बातम्या देणारा काहीतरी बोलला ते त्यानं चुकीचं ऐकलं, त्यातून. बाकीचे शब्दही सुचतील तसे लावलेत, त्याला एक ठरलेला अर्थ नाही हे तो स्वतः सांगायचा. म्हणजे चुकीचं ऐकण्यातूनच जन्मलेलं गाणं आहे ते. गॅलरीतला अंधार आणि त्याची गिटार, एवढा अर्थ भरपूर झाला, तेवढंच लिहा.

बास्केट केसवर मात्र थोडं थांबते. ते गाणाऱ्या ग्रीन डे बँडच्या बिली जो आर्मस्ट्राँगला पॅनिक अटॅक यायचे, जीव घाबरा व्हायचा, आपण वेडे होतोय की काय असं वाटायचं, त्याला नीट नाव नंतर मिळालं, आणि त्या सगळ्या घाबरण्यावर त्यानं हे गाणं लिहिलं. इतकं फास्ट, इतकं उड्या मारायला लावणारं गाणं आणि आत हे. तुमचा मित्र ओरलच्या आदल्या रात्रीच ते लावायचा हे तुम्ही लिहिलंय. आता कृपा करून यातून पुरावे शोधायला बसू नका, की बघा त्याला तेव्हापासूनच त्रास होता आणि तो आम्हाला सांगत होता. असेलही, नसेलही. ओरलच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये कोण घाबरलेलं नसतं? त्यानं बादली बडवून अख्ख्या लॉबीची भीती घालवली, हे मात्र नक्की घडलं, तुम्ही तिथे होता. जे नक्की घडलं ते लिहा.

कारण माणूस गेल्यावर मागचं सगळं इशारा वाटायला लागतं. अनप्लग्डचंच बघा. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालं, स्टेजवर लिलीची फुलं आणि मेणबत्त्या, आणि अंत्यसंस्कारासारखं का असं विचारल्यावर निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन हो म्हणाला होता, हे सगळं खरंय. पाच महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९९४ ला त्यानंही आत्महत्या केली आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक माणसानं ते बघताना म्हटलं की बघा, निरोपच होता हा. पण त्याच रेकॉर्डिंगमध्ये तो गाण्यांच्या मधे मजा करतोय ते ऐका ना. लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाची गिटार पाच लाख डॉलरला विकायला काढलीय त्याचा किस्सा सांगतोय. तुमचं जे पाचवं गाणं आहे, मूळ डेव्हिड बोवीचं, ते सुरू करायच्या आधी म्हणतोय की हे मी नक्की बिघडवणार, आणि मग काय सुंदर गातो. त्या रात्री समोर बसलेल्यांसाठी ती एक मैफल होती. दोन्ही गोष्टी एकाच कॅसेटवर आहेत, फुलं पण आणि हसणं पण, आणि तुमच्या मित्राच्या आयुष्यातही दोन्ही होतं. गेली तीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा फक्त शेवट तेवढा लक्षात ठेवलाय. बादली, गिटार, मस्कतच्या कॅसेटी, फीचे पैसे, हे कुणी काढलंच नाही इतक्या वर्षांत. तुमचं पत्र वाचून मला याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

आता हॉस्टेलवर जे बोललं गेलं त्याबद्दल. गाण्यांनी डोकं फिरवलं हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते डोक्यातून काढून टाका. कोबेन गेला तेव्हा त्याच्या सिएटल शहरात हीच भीती होती की आता पोरं त्याच्या मागे जातील. तिथल्या सिएटल सेंटरला १० एप्रिलला हजारो लोक जमले, पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली, आणि त्याच वेळी मदतीसाठी कुठे फोन करायचा हे लोकांना परत परत सांगितलं गेलं. नंतर अभ्यासकांनी तिथले आकडे तपासले तर भीती होती तशी आत्महत्यांची लाट आलीच नाही, मदतीच्या लाइनवरचे फोन मात्र वाढले. म्हणजे तिथे उघड शोक झाला, लोक बोलले आणि पोरांनी फोन उचलले. तुमच्याकडे कॅसेटी उचलून नेल्या आणि विषय बंद केला. माणूस आत्महत्या करतो त्याच्यामागे एक कारण कधीच नसतं, आजार असतो, परिस्थिती असते, कुणाला न सांगितलेलं बरंच काही असतं, आणि तुम्हाला किंवा मला ते आज इथे बसून कळणार नाही. पण एक तुमच्याच पत्रात आहे. शेवटच्या महिन्यात त्यानं गाणी लावणं बंद केलं होतं. गाण्यांनी ओढून नेलं म्हणता आणि गाणी तर आधीच थांबली होती. आवडत्या गोष्टीतलं मन उडणं हे डिप्रेशनचं एक मुख्य लक्षण आहे, हे आज शाळेतल्या पोरांनाही सांगतात, ९६-९७ साली तुम्हाला कोण सांगणार होतं.

मी विचारलं नाही, हे तुम्ही एकाच ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं तीस वर्षं तुम्ही त्या ओळीवरच उभे आहात. मी तुम्हाला असं सांगणार नाही की विचारून काही झालंच नसतं. कदाचित झालं असतं. कदाचित नसतंही. मायकल स्टाइप, आर.ई.एम. बँडचा गायक, तो कोबेनचा मित्र होता, त्याला कळत होतं की हा पोरगा बुडतोय, त्यानं त्याला आपल्याकडे बोलवायचा प्रयत्न केला, ये, आपण एकत्र काहीतरी रेकॉर्ड करू, तिकीटसुद्धा पाठवलं. तो आला नाही. मग सप्टेंबर ९४ ला आर.ई.एम.चा मॉन्स्टर अल्बम आला त्यात स्टाइपनं त्याच्यासाठी लिहिलेलं लेट मी इन आहे, नुसती खरखरीत गिटार आणि वर त्याचा आवाज, ढोल-बिल जवळजवळ काही नाही. हे गाणं तुम्ही ऐकलं नसेल तर आज ऐका. ज्यानं विचारलं, फोन केले, तिकीट काढलं, त्याच्याही वाट्याला शेवटी हेच आलं की मला तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही. तुम्ही एकोणीस-वीस वर्षांचे होता, डोक्यावर जर्नल आणि वायडीची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची, भीती, आणि तुमच्यावर कुणी ही जबाबदारी टाकलेली नव्हती. चुकल्याची हुरहूर राहील, ती जावी असं मी म्हणतही नाही, पण ती गुन्हा म्हणून बाळगू नका.

मिरजेचा फोन. त्याच्या ताईंना ग्रुपवर लिहायच्या आधीच करा, कारण तो भाऊ त्यांचा आहे आणि त्याचं नाव चाळीस लोकांसमोर येणार हे त्यांना बाहेरून कळायला नको. शक्य असेल तर फोनवर फक्त येऊ का एवढं विचारा आणि बाकीचं समोर बसून बोला, चिंचवडहून मिरज काही फार लांब नाही. गेल्या गेल्या माफी मागायला लागू नका, म्हणजे त्यांना तुमचंच सांत्वन करत बसावं लागेल. सरळ सांगा की ताई, मी त्याचा रूममेट, माझ्याकडे त्याच्या काही आठवणी आहेत, सांगू का. घरच्यांना आपलं माणूस घरातलं तेवढं माहीत असतं. तो लॉबीत बादली बडवायचा, अंधारात गिटार वाजवायचा, त्यानं एका गरीब पोराची फी भरली, हे कदाचित त्यांना तीस वर्षांत कुणी सांगितलेलंच नाही. कॅसेट सोबत न्या आणि हवीय का विचारा, त्या नको म्हणाल्या तर तुमच्याकडेच राहू द्या. त्यांना बोलायचं नसेल, राग असेल, हेही होऊ शकतं, त्यांचा हक्क आहे तो, चहा घेऊन परत या. आणि त्यांनी नाव लिहू नका म्हटलं तर नाव लिहायचं नाही, तेव्हा माझा रूममेट एवढंच लिहा, बॅचला कळायचं ते कळेल.

लिहिताना तो कसा गेला हे अजिबात लिहू नका, एक शब्दसुद्धा नको, ते सगळ्यांना माहीतच आहे आणि त्याचे तपशील वाचून कुणाचं भलं होत नाही. गाण्याचा नेटवरचा अर्थही टाकायची गरज नाही. पत्रात मला लिहिलंत तसंच लिहा, तुम्हाला कळलं नसेल पण तिथे तुमच्या पाचही नोंदी तयारच आहेत. झॉम्बीखाली दिवाळीनंतरची ती रात्र, बास्केट केसखाली बादली. लिव्ह फॉरेव्हरखाली फी, आणि हे पण सांगते, ओएसिस बँडच्या नोएल गॅलाघरनं ते गाणं मँचेस्टरला एका बांधकाम कंपनीत कामाला असताना लिहिलं, खिशात काही नसतानाच्या दिवसांत, आणि तो नंतर नेहमी सांगायचा की निर्वाणाच्या त्या मरणाच्या सुराच्या हे अगदी उलट टोकाचं आहे, आमच्याकडे काहीच नव्हतं तरी सकाळी उठावंसं वाटायचं. तुमचा मित्र निर्वाणा पण ऐकायचा आणि ओएसिस पण, आणि ज्या दिवशी त्यानं तुमची फी भरली त्या दिवशी त्याला ओएसिस लावावंसं वाटलं. मला ही गोष्ट तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी वाटते, ती एका ओळीत उरकू नका, किती पैसे होते, तो काय म्हणाला, आठवेल तेवढं लिहा.

मूड खराब होईल म्हणताय. होईल थोडा वेळ. पण मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या पोस्टनंतर दोन तास कुणी काही लिहिणार नाही आणि मग एकेक जण सुरू होईल, अरे मला त्यानं हे ऐकवलं होतं, मला गिटारचे तीन कॉर्ड शिकवले होते. ते सगळेही गप्पच बसलेत इतकी वर्षं. म्हणून पोस्ट टाकायच्या आधी त्यातल्या एकदोन जवळच्यांना फोन करून सांगून ठेवा, म्हणजे पहिला प्रतिसाद त्यांचा येईल आणि तुम्ही एकटे पडणार नाही. अजून एक, तुम्ही सगळे आता पन्नाशीत, या वयात नोकरी जाते, घर मोडतं, मुलं लांब जातात, आणि चाळीस जणांत एखादा आत्ता या क्षणी त्याच अंधारात असू शकतो. पोस्टच्या खाली साधेपणानं टाका की कुणाला बोलायचं असेल तर मला रात्री-अपरात्री फोन करा, आणि टेली-मानसचा नंबर द्या, १४४१६, सरकारची फुकट लाइन आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि तुमच्यासाठीही आहे तो नंबर. हे सगळं उकरल्यावर रात्री झोप लागली नाही, तेच तेच विचार यायला लागले तर वापरा, आणि बायकोला हे पत्र दाखवलं नसेल तर दाखवा.

राहिलं ते ९३-९४ चं भांडण. रेकॉर्डिंग ९३ चं हे त्या मित्राचं बरोबर आहे, पण अल्बम म्हणून अनप्लग्ड बाहेर आला १ नोव्हेंबर १९९४ ला, कोबेन गेल्यानंतर, आणि तुमची यादी त्या साली आलेल्या गाण्यांची आहे. ते गाणं बसतं. बाकीच्या चारांचंही तपासलं, सगळी ९४ सालात आलेलीच आहेत. कुणी अडवलं तर ही तारीख सांगा.